आपला छोटा डोंगराळ मुलूख

मुलुंडजवळच्या एका शाळेत मी सहावीच्या वर्गाला मराठी शिकवत होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. जून महिना होता. शाळा नुकतीच सुरू झाली होती. बोरिवलीहून एक नवा मुलगा वर्गात आला होता. मी मुलांना 'सकाळ' या विषयावर पाच वाक्ये लिहायला सांगितली. त्या मुलाने पहिले वाक्य लिहिले, "सकाळी डोंगरामागून सूर्य उगवतो."

शेजारी बसलेल्या मुलाने ते वाचले आणि तो हसू लागला. तो म्हणाला, "सर, याचे वाक्य चुकले. डोंगरामागे सूर्य मावळतो. मी रोज गच्चीवरून पाहतो."

नवा मुलगा म्हणाला, "मीसुद्धा लहानपणापासून पाहत आलो आहे. डोंगरामागून सूर्य उगवतो."

दोघेही आपापल्या म्हणण्यावर ठाम होते. वर्गात दोन पक्ष पडले. शेवटी सगळ्यांनी मला विचारले, "सर, बरोबर कोण?"

मी म्हणालो, "दोघेही बरोबर आहेत आणि दोघांचा डोंगर एकच आहे."

विद्यार्थ्यांनो, हे कसे शक्य आहे? मुंबई उपनगरांचा नकाशा समोर ठेवा. मध्ये उत्तर-दक्षिण पसरलेला हिरवा भाग दिसेल. तो डोंगरांचा भाग आहे. त्याच्या पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड आणि गोरेगाव आहे. पूर्वेला मुलुंड आणि भांडुप आहे. बोरिवलीच्या मुलाला डोंगर पूर्वेला दिसतो, म्हणून त्याचा सूर्य डोंगरामागून उगवतो. मुलुंडच्या मुलाला तोच डोंगर पश्चिमेला दिसतो, म्हणून त्याचा सूर्य डोंगरामागे मावळतो. पुढच्या वेळी लोकलमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली, तर बाहेर नीट पाहा. इमारतींच्या वर, दूरवर निळसर-हिरवी रेषा दिसेल. तोच हा डोंगर.

ही दोन ठिकाणे नकाशात अगदी जवळ दिसतात. पण मुलुंडहून बोरिवलीला लोकलने जायचे, तर आधी दक्षिणेला दादरपर्यंत यावे लागते. तेथे गाडी बदलून पुन्हा उत्तरेला जावे लागते. का? कारण मध्ये डोंगर उभा आहे. ठाणे ते बोरिवली असा बोगदा या डोंगराखालून काढण्याचे ठरले आणि जुलै २०२४ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. डोंगर काही बोलत नाही; पण आपण कोणत्या वाटेने जायचे, हे तोच ठरवतो.

जगाच्या नकाशात काही देश फार लहान आणि डोंगराळ आहेत. फ्रान्स आणि स्पेन यांच्यामध्ये पिरेनीज पर्वतात आंडोरा नावाचा देश आहे. त्याचे क्षेत्रफळ फक्त ४६८ चौरस किलोमीटर आहे. सान मारिनो हा देश त्याहूनही लहान आहे. त्याच्या चारही बाजूंना इटली आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६१ चौरस किलोमीटर आहे आणि मोंटे टिटानो नावाच्या डोंगराभोवती तो वसला आहे. अशा देशात घर कोठे बांधायचे, रस्ता कोठून न्यायचा, पाणी कोठून आणायचे, हे सारे डोंगर पाहूनच ठरवावे लागते.

आपली उपनगरे म्हणजे काही वेगळा देश नाही. पण तीही एका छोट्या डोंगराळ मुलखातच वसली आहेत. या मुलखाचे नाव साष्टी. साष्टी हे एक बेट आहे. बेट म्हणजे ज्याला आपण उर्दूत जज़ीरा म्हणतो ते. (मुरूडच्या पाणकिल्ल्याचे 'जंजिरा' हे नाव याच शब्दावरून आले आहे.) साष्टीच्या उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि दक्षिणेला माहीमची खाडी आहे. येथे पूर्वी सहासष्ट गावे होती, त्यावरून 'साष्टी' हे नाव पडले, असे सांगतात. १८४५ साली माहीमच्या खाडीवरचा रस्ता पुरा झाला आणि मुंबई बेटातून वांद्र्याला पायी किंवा गाडीने जाणे सोपे झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी भारतातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, तीही याच बेटावरून. पुढे १९५० साली अंधेरी आणि घाटकोपर, तर १९५७ साली बोरिवली आणि मुलुंड मुंबई महानगरपालिकेत आले.

या बेटाच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे सान मारिनो हा सगळा देश या उद्यानात मावेल आणि तरीही जागा उरेल! उद्यानाचा काही भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात आणि काही भाग ठाणे जिल्ह्यात आहे. येथील सर्वांत उंच जागा जांभूळमाळ. तिची उंची सुमारे ४६८ मीटर आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. त्याच्यापुढे आपला डोंगर लहानच. पण मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर तुम्ही पाहिला असेल. त्याची उंची सुमारे ८५ मीटर आहे. असे पाच टॉवर एकावर एक ठेवले, तरी जांभूळमाळ त्यांच्यापेक्षा उंचच राहील.

हा डोंगर कसा तयार झाला? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या. त्यांतून तप्त लाव्हा बाहेर आला. लाव्हा म्हणजे वितळलेला खडक. एक थर आला, निवला, त्यावर दुसरा आला. असे थरावर थर साचले. त्यांपासून आपला काळा दगड तयार झाला. शास्त्रज्ञ त्याला बसाल्ट म्हणतात. पुढे लाखो वर्षे ऊन आणि पाऊस यांनी हे थर झिजवले. जो भाग मऊ होता तो वाहून गेला. जो टिकला, तो आज डोंगर म्हणून उभा आहे.

याचा पुरावा पाहायचा असेल, तर अंधेरीला जा. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल नावाची सुमारे ६१ मीटर उंचीची टेकडी आहे. इमारतींच्या गर्दीत ती एखाद्या काळ्या भिंतीसारखी सरळ उभी आहे. जवळून पाहिले, तर सगळी टेकडी उभ्या खांबांची बनलेली दिसते. जणू कोणी दगडी पेन्सिलींचा जुडा बांधून ठेवला आहे! हे खांब कोणी घडवलेले नाहीत. तप्त लाव्हा हळूहळू निवत गेला, तसतसा तो आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या. त्यातून हे खांब तयार झाले. चिखलाचे डबके सुकले की चिखलाला भेगा पडतात, ते तुम्ही पाहिले आहे. तसाच हा प्रकार, पण दगडाचा. अमेरिकेत असे खांब पाहायला लांबून लांबून लोक येतात. आपल्याकडे मात्र शेजारून रोज रिक्षाने जाणाऱ्या कितीतरी जणांना त्यांची माहिती नसते. एके काळी या टेकडीच्या आजूबाजूचा दगड फोडून नेला गेला. १९५२ साली सरकारने टेकडीला संरक्षण दिले आणि २००७ साली महानगरपालिकेने तिची नोंद वारसास्थळांत केली.

दगडानंतर पाण्याकडे वळू. डोंगर आणि पाऊस यांचे नाते जुने आहे. जून महिन्यात अरबी समुद्रावरून नैऋत्येचे वारे येतात. ते बाष्पाने भरलेले असतात. वाटेत डोंगर आला की वाऱ्याला वर चढावे लागते. वर गेला की तो थंड होतो आणि बाष्पाचे पाणी होते. हे मोठ्या प्रमाणावर सह्याद्रीत घडते. साष्टीत पाऊस भरपूर, पण तो बहुतेक सगळा चार महिन्यांतच पडतो. मग उरलेल्या आठ महिन्यांचे काय?

हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनाही पडला होता. बोरिवलीच्या उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. कान्हेरी हे नाव 'कृष्णगिरी' म्हणजे काळा डोंगर या शब्दावरून आले. येथे शंभराहून अधिक लेणी काळ्या दगडात खोदलेली आहेत. बौद्ध भिक्षू तेथे राहत, अभ्यास करत. लेणी पाहायला गेलात, तर मूर्तींबरोबर जमिनीकडेही लक्ष द्या. बहुतेक लेण्यांच्या शेजारी दगडात खोदलेले पाण्याचे टाके दिसेल. त्याला पोढी म्हणतात. कातळावरून वाहणारे पावसाचे पाणी त्या टाक्यात यावे, म्हणून दगडात बारीक पन्हळीही खोदलेल्या आहेत. त्या काळी ना पंप होता, ना नळ. पण पाणी उताराने वाहते, हे त्या लोकांना ठाऊक होते. त्यांनी उतार पाहिला, पाण्याला वाट करून दिली आणि वर्षभराची सोय केली.

इंग्रजांच्या काळात मुंबईची वस्ती वाढली. विहिरी आणि जुने तलाव अपुरे पडू लागले. तेव्हा नजर याच डोंगराकडे वळली. डोंगराच्या मध्ये खोलगट जागा होती. तेथे बांध घातला. १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६० साली विहार तलाव पुरा झाला. १८७९ साली तुळशी तलाव आणि १८९१ साली पवई तलाव तयार झाला. आज मुंबईचे बहुतेक पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा दूरच्या तलावांतून येते. विहार आणि तुळशी यांचा वाटा थोडा आहे, तरी ते आजही पिण्याचे पाणी देतात. पवईचे पाणी मात्र पिण्यासाठी वापरत नाहीत.

आता एक गंमत पाहा. तुळशी तलाव भरला की त्याचे पाणी विहारकडे येते. विहार भरला की पाणी मिठी नदीत जाते. पवई तलाव ओसंडला की त्याचेही पाणी मिठीलाच मिळते. मिठी सुमारे १८ किलोमीटर लांब आहे. ती मरोळ, साकीनाका, कुर्ला, कालिना या भागांतून वाहत माहीमच्या खाडीला मिळते. दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या नद्याही याच डोंगरात उगम पावतात आणि पश्चिमेकडच्या खाड्यांना मिळतात. गंगा आणि गोदावरी शेकडो किलोमीटर वाहतात. आपल्या नद्या सकाळी डोंगरातून निघाल्या, तर संध्याकाळच्या आत समुद्राला भेटतात! त्या लहान आहेत, पण नद्याच आहेत. आपण त्यांना 'नाला' म्हणू लागलो आणि नाल्यासारखेच वागवू लागलो.

लहान आणि उतारावरून येणाऱ्या नदीचा एक स्वभाव असतो. एरवी ती शांत असते. पण डोंगरावर मोठा पाऊस झाला की तासाभरात फुगते. २६ जुलै २००५ या दिवशी हे सर्वांना कळले. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. म्हणजे उघड्या मैदानात पाणी जागच्या जागी साचले असते, तर ते सहावीतल्या मुलाच्या कमरेच्याही वर आले असते. त्याच दिवशी कुलाब्याला मात्र ७३ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. एकाच शहरात एवढा फरक! मिठीला पूर आला. त्यातच समुद्राला भरती होती, त्यामुळे खाडीकडून पाणी ओढले जाईना. नदीचे पात्र भरावाने, बांधकामांनी आणि कचऱ्याने आधीच अरुंद झाले होते. कुर्ला आणि कालिना भागांत घरेच्या घरे बुडाली. अनेकांचे प्राण गेले. पाण्याने आपली जुनी वाट शोधली होती. त्या वाटेवर आता माणसे राहत होती.

डोंगराने आपल्याला पाणी दिले, तसा दगडही दिला. मुंबईच्या फोर्ट भागात ज्या सुंदर इमारती आहेत, त्यांतील कितीतरी उपनगरांच्या दगडाने बांधल्या आहेत. राजाबाई टॉवरचा दगड कुर्ल्याचा आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत कुर्ल्याचा करडा आणि मालाडचा पिवळसर दगड वापरला आहे. म्हणजे दक्षिण मुंबईत फिरताना आपण आपल्याच टेकड्यांचे तुकडे पाहत असतो. पण दगड काढला की डोंगराला जखम होते. जेथे सौम्य उतार होता, तेथे सरळ कडा तयार होतो. खाणी बंद पडल्या, तरी कडे तसेच राहिले. पुढे त्यांच्या पायथ्याशी आणि माथ्यावर वस्त्या झाल्या.

आता घाटकोपरला जाऊ. या नावाविषयी दोन गोष्टी सांगतात. आपल्या घरांत लोक म्हणतात, 'घाट के ऊपर' म्हणून घाटकोपर. मराठी बोलणारे म्हणतात, 'घाट' आणि 'कोपर', म्हणजे घाटाचा कोपरा. कोणतीही गोष्ट खरी माना, दोन्हींत घाट आहेच! घाटकोपर आणि विक्रोळीच्या पश्चिमेला टेकड्यांची रांग आहे. तिच्या उतारांवर हजारो घरे आहेत. एकाच्या छताच्या उंचीवर दुसऱ्याचा उंबरठा असतो. पाण्याचे हंडे घेऊन शेकडो पायऱ्या चढाव्या लागतात.

मी पुढे घाटकोपरच्या शाळेत आलो. तेथे माझ्या वर्गात एक हुशार मुलगी होती. जुलैमध्ये ती वर्गात पेंगू लागली. मी तिला रागावलो. ती काही बोलली नाही. तास संपल्यावर हळूच म्हणाली, "सर, जोराचा पाऊस असला की आम्ही रात्री झोपत नाही. अम्मी आणि मी आळीपाळीने जाग्या राहतो. आमच्या घरामागे टेकडी आहे."

मला माझ्या रागावण्याची लाज वाटली. तिची भीती खोटी नव्हती. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगरात मुसळधार पावसात दरड कोसळली. टेकडीचा भाग घरांवर आला आणि साठाहून अधिक माणसे मरण पावली. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरजवळ माहूलच्या भारत नगरात टेकडीच्या उतारावरची भिंत घरांवर पडली. त्याच पहाटे विक्रोळीतही घरे कोसळली. दोन्ही ठिकाणी माणसे झोपेत दगावली.

काही जण म्हणतात, "लोक टेकडीवर राहतातच कशाला?" असे म्हणणे सोपे आहे. या शहराला मजूर हवेत, चालक हवेत, शिवणकाम करणारे हवेत. त्यांना परवडेल अशी सपाट जागा मिळत नाही. म्हणून ते उतारावर घर बांधतात. ते निष्काळजी नसतात. त्यांना सुरक्षित घर मिळायला हवे, ही सगळ्या शहराची जबाबदारी आहे. ते मिळेपर्यंत प्रत्येक मुलाला एवढे तरी ठाऊक असावे, की दरड का कोसळते आणि ती येण्याआधी कोणत्या खुणा दिसतात.

एक साधा प्रयोग करा. एक पाटी तिरपी धरा. तिच्यावर मूठभर सुकी माती पसरा. माती तशीच राहील. आता तिच्यावर हळूहळू पाणी ओता. थोड्या वेळाने सगळी माती एकदम घसरून खाली येईल. टेकडीवर असेच घडते. पाटी म्हणजे खालचा कठीण कातळ. माती म्हणजे त्यावरचा मुरूम आणि मातीचा थर. पाऊस थांबून थांबून पडला तर पाणी वाहून जाते. पण तो तासन्‌तास कोसळला, तर पाणी आत मुरते आणि कातळापाशी अडते. वरचा थर जड होतो, त्याची पकड सुटते आणि तो घसरतो. झाडे असली, तर त्यांची मुळे माती धरून ठेवतात. झाडे तोडली, पायथा खणला किंवा पाण्याची वाट बुजवली, तर धोका वाढतो.

उताराला आधार म्हणून संरक्षक भिंत बांधतात. तिच्यात ओळीने लहान भोके किंवा पाइपचे तुकडे ठेवलेले असतात. त्यांतून पाणी टपकते. ते पाहून कोणाला वाटते, भिंत गळते आहे. मग ते भोकात चिंध्या कोंबतात किंवा सिमेंट भरतात. असे कधीही करू नका. ती भोके म्हणजे भिंतीचा श्वास आहे. ती बंद झाली की पाणी भिंतीमागे साचते आणि भिंतीला पुढे ढकलते. कान्हेरीच्या लोकांनी पाण्याला वाट करून दिली होती. आपणही तेच करायचे आहे.

आता खुणा लक्षात ठेवा. जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग पडली, भिंत फुगली, झाड किंवा विजेचा खांब कलला, दार अचानक घट्ट बसू लागले, उतारातून एकाएकी गढूळ पाणी येऊ लागले, तर समजावे की टेकडी हलत आहे. अशा वेळी सामान आवरत बसू नये. लहान मुलांना आणि वृद्धांना घेऊन ताबडतोब बाजूच्या सुरक्षित जागी जावे, शेजाऱ्यांना हाक द्यावी आणि महानगरपालिकेच्या आपत्कालीन क्रमांकावर, म्हणजे १९१६ वर, कळवावे.

त्या मुलीने हा धडा वर्गात ऐकला. दुसऱ्या दिवशी तिने सांगितले, की तिच्या घरामागच्या भिंतीची चार भोके बुजलेली होती. तिने अब्बांना दाखवले. अब्बा आणि शेजारच्या काकांनी मिळून ती मोकळी केली. "सर, सगळी रात्र त्यांतून पाणी वाहत होते," ती म्हणाली. रात्री तिला पूर्ण झोप लागली, असे मी म्हणणार नाही. तिचे घर अजून टेकडीखालीच होते. पण आता ती फक्त घाबरत नव्हती. काय पाहायचे, हे तिला कळले होते.

डोंगराची भीतीच वाटावी, असे मात्र नाही. याच डोंगरात साग, ऐन, पळस, सावर आणि कळंब यांचे जंगल आहे. बिबट्या तेथे राहतो. वारली आदिवासींचे पाडे आहेत आणि त्यांना तेथील प्रत्येक झाडाचे नाव ठाऊक असते. कारवी नावाचे झुडूप आठ वर्षांतून एकदाच फुलते. २०१६ साली ती फुलली, नंतर २०२४ साली फुलली, तेव्हा उतारच्या उतार जांभळे झाले होते. पुन्हा फुलेल, तेव्हा तुम्ही शाळा सोडून मोठे झालेले असाल. तेव्हा ती पाहायला नक्की जा.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही बोरिवलीला राहत असाल किंवा मुलुंडला, अंधेरीला किंवा घाटकोपरला, तुम्ही या डोंगराळ मुलखाचे रहिवासी आहात. या पावसाळ्यात एक काम करा. पाऊस पडत असताना दारात उभे राहा. तुमच्या दारापुढचे पाणी कोणत्या बाजूला वाहते ते पाहा. ते कोणत्या गटारात जाते, पुढे कोणत्या नाल्यात, कोणत्या नदीत आणि कोणत्या खाडीत, हे मोठ्या माणसांना विचारून शोधा. वाटेत ते कोठे अडते, हेही पाहा. ज्याला आपल्या दारापुढच्या पाण्याची वाट ठाऊक आहे, त्याला आपल्या मुलखाचा भूगोल कळला.

आणि हो, सूर्य तुमच्या घरून डोंगरामागे उगवताना दिसतो की मावळताना, तेही लिहून आणा.

स्वाध्याय

१. बोरिवलीचा मुलगा आणि मुलुंडचा मुलगा, दोघांचेही वाक्य बरोबर कसे? आकृती काढून सांगा.

२. कान्हेरीच्या लोकांनी पाणी साठवण्यासाठी काय काय केले?

३. संरक्षक भिंतीतील भोके का बुजवू नयेत? तीन-चार वाक्यांत लिहा.

४. तुळशी तलावातील जादा पाणी समुद्रापर्यंत कसे पोहोचते? क्रमाने लिहा.

५. हे शब्द उर्दूत आणि मराठीत कसे वापरतात ते सांगा व प्रत्येकाचे एक मराठी वाक्य करा : मुलूख, जमीन, किनारा, मैदान, दर्या.

६. उपक्रम : तुमच्या वस्तीचा साधा नकाशा काढा. उतार कोणत्या दिशेला आहे, ते बाणांनी दाखवा. पाणी अडण्याच्या जागांवर लाल खूण करा आणि नकाशा घरातील मोठ्या माणसांना दाखवा.